पाण्याच्या नावांची वाट

राळेगावपासून थोडं आत असलेल्या एका बंजारा तांड्यावरच्या शाळेत माझी बदली झाली, तेव्हा मला गोरबोलीतलं एक अक्षर कळत नव्हतं. माझे वडील यवतमाळला सरकारी कचेरीत होते. घरात पुस्तकी मराठी आणि गल्लीत हिंदी, एवढ्यावर मी मोठी झालेली. तांड्यावरची मुलं माझ्याशी वऱ्हाडीत बोलत आणि आपापसांत गोरबोलीत. तेव्हा काय चाललंय ते मी त्यांच्या चेहऱ्यांवरून ओळखू पाहायची.

त्या हिवाळ्यात तिसरी-चौथीच्या वर्गात जिल्ह्याचा नकाशा चालू होता. कोणता रस्ता कुठून कुठे जातो हे सांगून झालं, तशी चौथीतली एक मुलगी म्हणाली, की तिच्या आजीच्या गाण्यातही एक रस्ता आहे. तांड्याचे पूर्वज बैलांच्या पाठीवर माल लादून मुलूखभर फिरत, हे मला माहीत होतं. त्या वाटेचं गाणं अजून कुणाच्या तोंडी असेल, असं मात्र वाटलं नव्हतं.

शाळा सुटल्यावर मी तिच्या घरी गेले. आजी अंगणात कापसातला कचरा वेचत बसली होती. तिनं आढेवेढे न घेता गाणं म्हटलं. एकामागून एक नावं येत होती आणि नात मला त्यांचा अर्थ सांगत होती: उंबराचा झरा, कडू विहीर, दोन खडकांचा डोह. मी मोबाइलवर नकाशा उघडून ती शोधत होते. एकही सापडेना. शेवटी मी विचारलं, यातलं कोणतं गाव कुठं आहे?

"यात गाव नाई, बाई," आजी म्हणाली. "गावाचं नाव कायले घ्यायचं? बैलाले पाणी कुठं भेटते, तेवढं ध्यानात ठेवलं का झालं."

मी गावं शोधत होते आणि गाणं पाण्यावरून चाललं होतं. मग मी विचारलं, यातलं सगळ्यात जवळचं पाणी कोणतं? 'रेतीतलं पाणी', ती म्हणाली. नाल्याच्या वळणावर, पळसाखाली. तेवढ्यात शेजारच्या दारातून तिच्या नणंदेनं हरकत घेतली. तिच्या मते ती जागा बरीच खाली, पुलापाशी होती. दोघींची जुंपली, आणि नातीनं अर्थ सांगणं सोडून दिलं.

मी म्हटलं, शनिवारी दोन्ही जागा पाहून येऊ. मुख्याध्यापकांनी हा कोणता पाठ म्हणून विचारलं. मी नकाशावाचन म्हटलं. ते हसले आणि औषधांची पेटी सोबत न्यायला सांगितली.

शनिवारी दोघी आल्या, पण अंतर राखून चालल्या. नाला वरून कोरडा पडला होता. पुलापाशी मुलांनी हातांनी रेती उकरून झिरा केला. कोपराएवढं खोल गेल्यावर पाणी पाझरायला लागलं, तशी मुलं एकमेकांना ढकलत त्यात बोटं बुडवू लागली. नणंदेनं पदराची गाठ सोडून सगळ्यांना बोरं वाटली. मग वळणावर गेलो. तिथं एका मुलाचा हात खांद्यापर्यंत आत गेला, तरी ओलसर रेतीच लागली. आजी खड्ड्यात बघत राहिली. मला तिच्याकडे बघवेना.

बाजूच्या वावरात एक शेतकरी गव्हाला पाणी देत होता. काही हरवलं का, असं विचारत तो जवळ आला. मी सगळं सांगितलं. तो म्हणाला, "या तुकड्याले आमच्या घरी पडावाचं वावर म्हंतात. काहून म्हंतात, ते मीनं कधी इचारलं नाई." पडाव म्हणजे मुक्काम, हे मी मुलांना सांगितलं. मग त्यानंच सांगितलं, की त्यानं बोअर मारली तेव्हापासून इथला नाला लवकर आटतो.

परत येताना मुलांचा वाद रंगला. कुणी म्हणालं, पाणी बोअरनं ओढलं, जागा आजीचीच खरी. कुणी म्हणालं, पूल तरी जुना कुठं आहे, त्याच्यामुळं तिथं पाणी अडत असेल. आजी म्हणाली, जाताना एक मुक्काम असेल, येताना दुसरा. हे तिला आठवलं होतं की तिनं तिथल्या तिथं जुळवलं होतं, मला कळलं नाही. वर्गात मुलांनी मोठ्या कागदावर गाण्यातली नावं लिहिली, निळ्या रेघांनी नाला आणि त्यावरच्या दोन्ही जागा काढल्या आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह टाकलं.

पुढच्या आठवड्यात आजी तो कागद बघायला शाळेत आली. तिच्या नावांजवळ आमच्या निळ्या रेघा बघून तिनं मान डोलावली. मग भिंतीवरच्या भारताच्या नकाशाकडे वळली. गाण्याच्या शेवटी खारं पाणी येतं, तिथून मीठ भरून बैल परत फिरत, पण ते पाणी तिनं कधी पाहिलं नव्हतं. ते कुठं आहे, हे तिला बघायचं होतं. मी तिचं बोट धरून समुद्रावर ठेवलं.

"हे समदं खारं?"

"सगळं."

तिनं निळ्या रंगावरून तळवा फिरवला, अगदी कडेपर्यंत. "मंग तथी बैलाले काय पाजत असन?" तिनं विचारलं.

मी तोच प्रश्न मुलांना विचारला. मुलं बाकांवरून उठून नकाशाभोवती जमली आणि समुद्राला मिळणाऱ्या नद्या शोधायला लागली.