दाजींच्या जागी

पुण्याजवळच्या दिघीच्या कस्तुरानं तिशी उलटेपर्यंत समुद्र पाहिला नव्हता, आणि त्याचं तिला कधी काही वाटलंही नव्हतं. ओढ लावली ती नवऱ्यानं. जयसिंगचं आजोळ लोणावळ्याच्या पलीकडं, अगदी कड्यावर. तिथून एक नाळ, दोन कड्यांमधली अरुंद घळ, खाली कोकणात उतरते. लहानपणी तो मामाबरोबर त्या वाटेनं सुकी मासळी आणायला जायचा. जेवताना त्या गोष्टी रंगवून सांगायचा आणि शेवटी म्हणायचा, "एकदा नेणार तुला." लग्न झाल्यापासून नुसतं म्हणतच होता.

१९७९ च्या हिवाळ्यात मात्र त्यानं एकदम दिवसच ठरवला.

कस्तुराला नवल वाटलं. जयसिंग आणि तिचा धाकटा भाऊ भिवा, दोघंही भोसरीच्या एका फाउंड्रीत कामाला होते, आणि तिथं संप चालू होता. कामगार पाळीपाळीनं गेटवर बसत. त्या रविवारी पाळी जयसिंगची होती.

"अहो, संपात कुठं फिरायला निघता? लोक काय म्हणतील?"

"म्हणू दे. कंपनी सुरू झाल्यावर रजा कोण देणार हाय?"

भिवा तिथंच जेवत होता. आई गेल्यापासून कस्तुरानंच त्याला वाढवलं होतं. राहायचाही शेजारच्याच खोलीत. तो म्हणाला, "आक्का, तू जा. दाजींच्या जागी मी बसतो. त्यात काय येवढं!"

जयसिंग आमटीत भाकरी कुस्करत राहिला.

शनिवारी ते आजोळी मुक्कामाला गेले आणि रविवारी उजाडताच नाळेत उतरले. जयसिंग, कस्तुरा आणि आठ वर्षांची मंजुळा. दोन्हीकडं काळे कडे, मधे बैलाएवढे धोंडे, वर आभाळाची एक चिंधी. काही ठिकाणी बसूनच घसरावं लागे. कस्तुरानं कासोटा मारला, चपला पिशवीत टाकल्या. अवघड जागी जयसिंग आधी उतरायचा, मंजुळाला खांद्यावर घ्यायचा, मग कस्तुराला हात द्यायचा. इतक्या प्रेमानं तो बऱ्याच दिवसांत वागला नव्हता. एका डोहाकाठी त्यांनी भाकरी आणि ठेचा खाल्ला. मंजुळानं हाक मारली की कडा तिलाच परत हाक मारी, आणि तिघंही हसत.

पायथ्याच्या गावातून एस.टी. मिळाली. उन्हं कलायच्या आत समुद्र समोर आला.

कस्तुरा गुडघाभर पाण्यात गेली. लाट मागं सरताना पायाखालची वाळू ओढून नेई, तशी ती ओरडे आणि पोटभर हसे. मंजुळा तर लोळतच होती. भिजलेला पदर पिळत कस्तुरा म्हणाली, "पुढच्या खेपेला भिवाला आणू. पोरगं येडं व्हईल बघा."

जयसिंग किनाऱ्यावरच उभा होता. "चल, गाडी चुकंल," म्हणाला आणि पाठ फिरवून चालू लागला.

सोमवारी दुपारी ते दिघीला परतले. शेजारची सरूबाई गल्लीच्या तोंडाशीच भेटली.

"कस्तुरे, कुठं हुतीस गं? भिवाला लई मारलं. कंपनीनं काल मालाचे ट्रक बाहेर काढले. ही पोरं आडवी झाली, तर पोलिसांनी फोडून काढली. हात मोडलाय त्याचा. दवाखान्यात हाय."

कस्तुरा तशीच, पिशवीसकट धावली. भिवाचा चेहरा सुजून ओळखू येत नव्हता. तिला बघून पहिलं काय विचारलं, तर, "आक्का, बघितलास समुद्र?"



दुसऱ्या दिवशी सकाळी जयसिंग कंपनीचा गणवेश घालून दारात उभा राहिला. कामावर परतणाऱ्यांना न्यायला कंपनीची गाडी येणार होती. कस्तुरानं त्याच्याकडं नीट बघितलं, आणि तिला सगळं कळलं.

"तुम्हाला ठाऊक होतं."

"साहेब येवढंच म्हणाले, रविवारी गेटवर राहू नको."

"मग भिवाला का बसू दिलंत?"

"माझी जागा मोकळी दिसली असती तर संपवाल्यांना वास लागला असता. आणि घरातल्या एकाची तरी नोकरी टिकायला नको?"

कस्तुरानं मंजुळाचे कपडे गोळा केले आणि शेजारच्या खोलीत गेली. ती परत आली नाही.

भिवाची नोकरी गेली. हात वाकडाच जुळला. कस्तुरा एका वर्कशॉपमध्ये रबरी पार्टच्या कडा कापायच्या कामाला लागली आणि तिघांचं भागवू लागली. पुढं भिवानं भाड्यानं टेंपो चालवायला घेतला. जयसिंग सुपरवायझर झाला, चिंचवडला त्याला ब्लॉक मिळाला. तो दोघींना न्यायला आला की कस्तुरा मंजुळाला त्याला भेटायला बाहेर पाठवी आणि स्वतः आत बसून राही.

भिवाच एकदा म्हणाला, "आक्का, मार मी खाल्ला. माझा राग गेला. तू का धरून बसलीस?"

"तुझा हात मोडत होता तवा मी पाण्यात हसत हुते, भिवा. ते त्यानं माझ्याकडून करून घेतलं. ते कसं सोडू?"

१९८२ मध्ये भिवाचं लग्न झालं. बुद्धवंदना झाली, पंगती बसल्या. कस्तुरा भात वाढत होती. शेवटच्या पंगतीत जयसिंग बसलेला होता, न बोलावता आलेला, खाली मान घालून. तिनं बाकीच्यांना वाढला तेवढाच भात त्याच्या पानावर वाढला.

"कस्तुरा," तो म्हणाला.

"अजून लागला तर सांगा," ती म्हणाली, आणि पुढच्या पानाकडं सरकली.