लाल टेपची डिस्क

आमचे डिस्कवाले अप्पा भित्रे होते आणि ते लपवत नसत. लातुरात गोलाई बाजाराच्या मागे त्यांचं कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान होतं. जुन्या हार्डडिस्कवरची विंडोज सगळ्या फायलींसकट नव्या एसएसडी डिस्कवर उतरवायची म्हटलं, की ते आधी तांब्याभर पाणी प्यायचे. "दिशा चुकली की संपलं, मालक. कोऱ्या डिस्कची नक्कल जुनीवर बसती. मग आत काय बी ऱ्हात न्हाई."

म्हणून त्यांचा एक रिवाज होता. जुन्या डिस्कला लाल टेप लावायची. तिच्या लेबलवरचे शेवटचे चार आकडे गिऱ्हाईकानं मोठ्यानं वाचायचे. पडद्यावर वरच्या ओळीत, जिथून नक्कल घ्यायची त्या डिस्कचा नंबर असे. तो अप्पा वाचत. जुळले तरच बटण. एकदा एक दालमिलवाला वैतागून म्हणाला, "अप्पा, डिस्क बदलायलात का बायपास करायलात?"

"बायपासचा पेशंट कण्हतो तरी. ही मुकी हाय. वाचा आकडे."

मागच्या वर्षी माझा कॉम्प्युटर सुरू व्हायला अकरा मिनिटं घेऊ लागला आणि डिस्क टकटक वाजू लागली. तिच्यात आईच्या आवाजाची एकुलती एक फाईल होती, चार मिनिटं बारा सेकंदांची. आई जाऊन दोन वर्षं झाली होती आणि ती दुसरीकडे ठेवायचं मी रोज उद्यावर टाकत आलो होतो. आता कॉपी करायला गेलं की मशीन जागीच अडकायचं. अप्पा म्हणाले, "हिला घडीघडी उठवू नका. एकदाच सगळं उतरवून घेऊ."

मी लेबल वाचलं. "चार, सात, एक, आठ."

अप्पांनी पडद्याला नाक लावलं. "चार, सात, एक, आठ," म्हणाले आणि बोट माउसवर ठेवलं.

बेरीज दोनदा करायची माझी सवय. मी वाकून पाहिलं. वरच्या ओळीत नव्या डिस्कचा नंबर होता. अप्पांनी वाचलंच नव्हतं. माझेच आकडे मला ऐकवले होते.

"अप्पा, हात काढा. वर नऊ, दोन, झिरो, सहा आहे."

त्यांनी हात मांडीवर घेतला.

"दिवाळीपासून धुरकट दिसायलंय," ते म्हणाले. "साखरेनं डोळे खाल्ले."

"दिवाळीपासून किती डिस्क झाल्या?"

"एकवीस. सगळ्या नीट उतरल्या. कशा, ते मला ठावं न्हाई."

मग त्यांनी शेजारच्या टेलरला हाक मारली. मी पडदा बघायचा, टेलरनं लेबल, आणि दोघांनी वेगळ्या कागदावर लिहायचं. "एकमेकाचं ऐकून लिहायचं न्हाई," अप्पा म्हणाले. मी दिशा बदलली, कागद जुळले, बटण मी दाबलं. पुढची एक तास चाळीस मिनिटं अप्पांनी भिंतीकडं तोंड करून काढली. दर टकटकीला त्यांचे खांदे आखडत.

नव्या डिस्कवरून आईचा आवाज निघाला. "भाकर खाल्ली का रे?" अप्पांनी पूर्ण चार मिनिटं बारा सेकंद मान खाली घालून ऐकलं.

त्यानंतर त्यांनी एकही डिस्क हातात घेतली नाही. उदगीरला लेकीकडे निघाले, त्या दिवशी मी दुकानावर गेलो. त्यांनी चाचपत शटर ओढलं, कुलूप घातलं आणि बाजूला झाले.

"लागलं का बघा, मालक. मी म्हनतो म्हनून न्हाई. ओढून बघा."

मी दोनदा ओढून पाहिलं.