सरूमावशीचा राहिलेला धडा

आज गुरुवार, सकाळी सव्वासहा. मी वायूंचं एक गणित सोडवत होतो, तेव्हा कळलं, शेजारची सरूमावशी गेली.

वय नव्वदीच्या पुढे. झोपेतच. तिची सून म्हणाली, श्वास कधी थांबला ते कळलंच नाही.

मावशी नात्यातली नव्हे. गडाखालच्या तिकोणा पेठ गावात आमची घरं भिंतीला भिंत लागून.

बारावीला केमिस्ट्रीत मी दोनदा नापास झालो आणि लोणावळ्याला चिक्कीच्या दुकानात लागलो. तिसऱ्यांदा फॉर्म भरला तो तिच्यामुळे.

चाळीसच्या दशकात ती लोणावळ्याच्या शाळेत होती. वडील रेल्वेत. वर्गात मुलगी ही एकटीच.

एकदा मास्तरांनी जस्तावर ॲसिड ओतलं, उलट्या बरणीत हायड्रोजन धरला आणि पेटती काडी तिच्या हातात दिली.

पुक् असा आवाज झाला.

"तवापासून धुकं निराळंच दिसाया लागलं," ती सांगायची. "घाटातनं इंजिन वर यायचं. वाफ धुक्यात शिरायची. मला वाटायचं, हात घातला तर रेणू बोटांना लागतील."

हे सांगताना ती मनानं आमच्या अंगणात नसायचीच.

वायूंचा धडा संपला आणि तिचं लग्न ठरलं. पुढचा रासायनिक बंधांचा धडा राहिला.

मग आमचं असं ठरलं. वायू तिनं शिकवायचे, बंध मी वाचून दाखवायचे.

एकदा ११७ ग्रॅम मिठाचे मोल काढताना मी २२.४ नं भागलं. आधीच्या दोन्ही वर्षी हेच केलं होतं.

"आरं शान्या, मीठ काय फुग्यात भरतोस व्हय?"

"पण सूत्र तर हेच..."

"त्ये माप वायूचं. कुठलाबी वायू घे. दाब आन् उष्णता सारखी आसली, की पायलीत रेणू सारखेच. हलका आसो न्हाईतर जड. मिठाला तराजू लाव."

तराजू लावला. ११७ भागिले मिठाच्या एका मोलाचं वजन, ५८.५.

दोन मोल.

त्या दोनाकडे मी कितीतरी वेळ बघत बसलो.

बंधांचा धडा तिनं डोळे मिटून ऐकला.

"दोन अणू एकेक इलेक्ट्रॉन घालतात. ती जोडी दोघांची."

"मंजी सावड! याचा एक बैल, त्याचा एक बैल. दोगांची शेतं नांगरून हुत्यात."

"हो. आणि ही जोडी तोडायला ऊर्जा लागते."

"लागंल की. पेरणीच्या टायमाला बैल सोडवून न्हेऊन बघ कुणाचा!"

स्वतःच्याच बोलण्यावर ती खोकला येईपर्यंत हसली.

शनिवारी पेपर आहे.

काल संध्याकाळी मी म्हणालो, "मावशी, परत नापास झालो तर? यंदा बसतच नाही."

 डोंगरावरून धुकं खाली येत होतं, ती तिकडे बघत राहिली.

"मला भर वर्गातनं उठवून न्हेलं, पोरा. तुला कोण उठवतंय?"

मी पुस्तक परत उघडलं.

दुपारी पवना नदीच्या काठी तिला निरोप दिला. मीही खांदा दिला. घरी येऊन आंघोळ केली, पेपरला घालायचा शर्ट धुऊन वाळत घातला. दोन पेनं चालवून बघितली.

मावशी, मी पेपरला बसतोय. शेवटची घंटा होईपर्यंत बाकावरून उठणार नाही.

सुखानं जा.