हिरव्या सरबताचा फोटो

मी डाळमिलमध्ये वजनकाट्यावर होतो. गल्लीत मला सगळे काटेवाले म्हणायचे. दुष्काळात नळ बंद झाले आणि दर तिसऱ्या दिवशी टँकर यायला लागला, तेव्हा पाणी वाटायचं काम आपसूक माझ्याकडं आलं. टँकर कोपऱ्यावरच्या सिमेंटच्या टाकीत रिकामा व्हायचा. मी बांबूच्या काठीवर अकरा खाचा पाडल्या होत्या, घरं अकरा म्हणून. एक घर भरून झालं की काठी बुडवायची, पाणी एक खाच उतरलेलं दाखवायचं, मग पुढचं घर. माझं घर शेवटचं. तळाचं गढूळ पाणी आमच्या वाट्याला यायचं. त्यात तुरटी फिरवून आम्ही ते प्यायचो. दोन महिन्यांत एकदाही भांडण झालं नाही. मला त्याचा अभिमान होता, तो लपवत नाही.

लातूर जिल्हा होऊन तेव्हा फार वर्षं झाली नव्हती. कचेऱ्या आल्या, खुर्च्या आल्या, साहेबलोक आले. "जिल्हा झाला, आता पाणी बी येईल," असं लोक म्हणायचे. पाणी आलं नाही. टँकरच्या अर्जासाठी उस्मानाबादला जावं लागत नव्हतं, एवढाच फरक.

बायको वाळ्याचं सरबत करायची. दसऱ्याआधी, नळाला पाणी होतं तेव्हाच, तिनं पाक करून दोनशे बाटल्या भरून ठेवल्या होत्या. पाडव्यापासूनचं एक कॅलेंडर छापावं, वर सरबताचा रंगीत फोटो टाकावा, कचेऱ्यांतून आणि दुकानांतून वाटावं, ही कल्पना माझी. ती म्हणाली, "बाटलीचा फोटो काढा नुसता. झाकण दिसलं, कागद दिसला, बास." मी ऐकलं नाही.

फोटोवाल्याचा स्टुडिओ नव्या चौकात होता. नोकरीच्या अर्जांना लागणारे छोटे फोटो काढून त्याचं चांगलं चाललं होतं. माघातल्या एका सकाळी तो आमच्या परसात आला. काचेचा जग आणि तीन ग्लास मांडून त्यानं विचारलं, "पाणी किती आहे?"

"तीन लिटर," मी म्हणालो. त्यासाठी त्या दिवशी आम्ही दोघांनी आंघोळ केली नव्हती.

"भागवू. पण सांडताना दिसलं पाहिजे, साहेब. बघणाऱ्याला तहान लागली पाहिजे."

त्यानं औषधाच्या दुकानातून ग्लिसरीन आणलं होतं. दात घासायच्या ब्रशानं ते ग्लासवर शिंपडलं, तर गार पाण्याचे थेंब असावेत तसं दिसायला लागलं. बर्फ नव्हता. आमच्याच तुरटीचे चार खडे त्यानं ग्लासात तरंगल्यासारखे बसवले. जगातून धार ग्लासात पडायची, काठावरून वाहायची आणि खाली चौकटीबाहेर ठेवलेल्या परातीत जमा व्हायची. परातीतलं पुन्हा जगात. तेच तीन लिटर आम्ही सात वेळा ओतलं. शेवटी परातीत अडीच लिटर राहिलं. ग्लिसरीन मिसळलेलं ते पाणी बायकोनं लिंबाच्या झाडाला घातलं.

कॅलेंडर सोलापूरहून छापून आलं. फोटो फार सुरेख होता. हिरवीगार धार, ओसंडणारा ग्लास, थेंबांनी भिजलेला जग. पाडव्याच्या आदल्या दिवशी सगळ्यात आधी मी ते गल्लीत वाटलं, प्रत्येक घरी जाऊन, स्वतःच्या हातानं.

त्यानंतरच्या टँकरला मी काठी घेऊन गेलो, तर समोरच्या घरातले निवृत्त पोस्टमन आधीच टाकीपाशी उभे होते. त्यांनी हात पुढं केला. "काटेवाले, आज मी धरतो. तुमचा हात दुखला असल ओतून ओतून."

कुणी हसलं नाही. मी काठी दिली.

शेजारच्या मावशींचं आणि बायकोचं सख्ख्या बहिणींसारखं होतं. मी त्यांना घरी बोलावलं, परात दाखवली, ग्लिसरीनची बाटली दाखवली, सात वेळांचा हिशेब सांगितला. बायकोनं तांब्या पुढं केला.

"नको गं," मावशी म्हणाल्या. "द्यायचंच तर फोटोतलं दे. हे गढूळ हाय."

"मावशी, तळाचंच येतं आमच्याकडं. तुम्ही बघताच की," मी म्हणालो.

"बघत राहिलो ना. दोन महिने काठीच बघत राहिलो आम्ही." जाताना दारात थांबून त्या म्हणाल्या, "माझी सून बाळंतीण हाय, काटेवाले. लेकराचे लंगोट दोन दोन दिवस धुवायचे राहत्यात."

त्या गेल्यावर मी म्हणालो, सगळ्यांना परसात बोलावतो, तोच जग, तीच परात मांडतो आणि डोळ्यांसमोर करून दाखवतो.

"म्हंजे अजून एक तांब्या त्यांच्यापुढं सांडणार," बायको म्हणाली. "करा. तेवढंच राहिलंय."

मी केलं नाही. दुसरा मार्ग मला सुचला नाही, आजही सुचत नाही. काट्यावर माझ्या आकड्यावर कुणी कधी शंका घेतली नव्हती. पण आकडा ऐकायला माणसाला थांबावं लागतं, फोटो तर भिंतीवरून रोज दिसतो. आणि तो फोटो खोटाच होता. पाणी नव्हतं तिथं मी पाणी दाखवलं होतं. लोकांनी त्यावर विश्वास ठेवला, म्हणून त्यांना बोल लावता येत नाही.

बाटल्या वैशाखाआधी संपल्या. कचेऱ्यांतून मागणी आली, मुरुडहून एक दुकानदार कॅलेंडर बघून आला. गल्लीत मात्र एकही बाटली गेली नाही. पोस्टमन काठी प्रामाणिकपणे धरायचे. त्यांनी क्रम बदलला नाही. माझं घर शेवटचंच राहिलं, आणि आता ते मी ठरवलेलं नव्हतं.

बायकोनं आमच्या घरातलं कॅलेंडर काढून टाकलं. बाकीच्यांनी ठेवलं, कारण तिथी लागते, चतुर्थी लागते. पावसाळ्याच्या तोंडावर मावशींच्या सुनेच्या बाळाला बघायला गेलो, तेव्हा ते त्यांच्या चुलीशेजारी टांगलेलं होतं. खाली तारखांच्या चौकोनांत टँकर आला त्या त्या दिवशी कोळशानं फुली मारलेली. काही पाळ्यांना टँकर चुकला होता, तिथं फुलीची जागा कोरी होती. मी उभ्या उभ्या चुकलेल्या पाळ्या मोजल्या. मावशींनी बाळ माझ्याकडं दिलं नाही, बायकोच्या मांडीवर ठेवलं. पाणी घेता का, असं कुणी विचारलं नाही.