शेवटच्या तासाची अट

"सक्तीचं का सोयीचं, बाई?" वेळापत्रकाची प्रत्येक अट लिहून घेताना तो पेन्सिल वर धरून विचारायचा. उत्तर मिळेपर्यंत पेन्सिल खाली यायची नाही.

नव्वदच्या दशकाच्या मध्याला इंदापूर तालुक्यात, सणसरजवळच्या आमच्या शाळेत तो हंगामी संगणक शिक्षक म्हणून आला. मी गणिताची, आणि वेळापत्रक माझ्याकडे. तुम्ही शाळेत काम केलं असेल तर जून महिन्यात वेळापत्रक करणाऱ्याशी कुणी धड बोलत नाही, हे ठाऊक असेल. त्याने ते संगणकावर करून दाखवायचं ठरवलं. मुख्याध्यापक म्हणाले, "जमलं तर तुम्हाला कायम करायला संस्थेकडे शब्द टाकतो."

"आधी शंभर वेळापत्रकं कशीबी करायची," त्याने मला समजावलं. "सक्तीची अट मोडली की मोठा दंड, सोयीची मोडली तर बारका. कमी दंडाची ठिवायची, त्यांचे तास एकमेकांत मिसळून नवी पिढी काढायची. अशा शेकडो पिढ्या."

"आणि चांगलं आपोआप निघतं?"

"आमचं आबा मेंढरं राखायचं, तवा दुसरं काय करायचं? चांगला मेंढा ठिवायचा, बाकीचं बाजारात."

झालं. शिक्षक खोलीत रोज विचारणा, "काय सर, मेंढरं कुठवर आली?"

"अजून चरत्यात," तो हसून म्हणायचा.

माझी अट मी शेवटी सांगितली. मला शेवटचा तास नको, सक्तीचं. "घरी सासूबाई आजारी असतात." सासूबाई ठणठणीत होत्या. मला बारामतीची साडेचारची एसटी हवी होती, एवढंच. पुढची तासाभराने होती.

दहावीला शिकवणारे आम्ही मोजके. मी सुटले, आणि दहावीचं इंग्रजी सहाही दिवस शेवटच्या तासाला गेलं. त्याने चार दिवस पुन्हा पुन्हा चालवून पाहिलं. मग मला एकटीला गाठून हळूच विचारलं, "बाई, तुमची तेवढी अट सोयीची केली तर? आठवड्यातनं दोनच दिवस थांबावं लागंल."

"नाही जमायचं," मी म्हटलं.

सभेत इंग्रजीचे सर उसळले. "माझ्याशी काय वैर आहे का त्या डब्याचं?" सगळे हसले. मुख्याध्यापकांनी विचारलं, "कुणी अशी काही अट घातली होती का?"

अटींचा कागद त्याच्या हातात होता, माझ्या नावासकट. मी हजेरीपट उघडून आकडे तपासू लागले. तपासण्यासारखं त्यात काही नव्हतं.

"न्हाय सर," तो म्हणाला. "माझंच कायतरी चुकलंय."

वेळापत्रक मी दोन दिवसांत हाताने केलं. त्यातही माझा शेवटचा तास नव्हता. कुणी पाहिलंही नाही. त्याची मुदत संपली, तेव्हा कुणी शब्द टाकला नाही. मीही नाही.

शेवटच्या दिवशी तो साडेचारच्याच एसटीला आला. हातात पिशवी, काखेत वह्या. मला पाहून त्याने मान लववली. माझ्या शेजारची जागा रिकामी होती. मी पर्स उचलून मांडीवर घेतली आणि थोडी सरकले.

तो बारामतीपर्यंत उभा राहिला.