झाकणवालीने मिक्सर कसा निवडला

झाकणवालीचा दिवस पावणेपाचला सुरू होई. गजर तिने कधी लावला नाही. सहाच्या पाळीला उशीर झाला की पत्रा कापायची प्रेस दुसरीला मिळे आणि आपल्याला डबे पुसायला बसवत, ही धास्ती उठवायला पुरेशी होती. एकोणीस वर्षं ती पत्र्याच्या डब्यांची झाकणं कापत होती, म्हणून सगळा कारखाना तिला झाकणवाली म्हणे. आता घरात नवराही म्हणायला लागला होता.

तिची प्रेस जुनी, पायाने चालणारी. पत्रा दोन्ही हातांनी साच्यात ठेवायचा, हात बाहेर काढायचे, मग पाय दाबायचा. एका पाळीत चार हजार वेळा. ती कामाला लागली त्याच आठवड्यात शेजारच्या प्रेसवरच्या बाईचा एक हात साच्यात मागे राहिला आणि बोटं गेली. त्या दिवशी मुकादमाने सगळ्यांना ओळीने उभं करून शिकवलं. हात जोडीने आत, जोडीने बाहेर, एकटा हात हलवायचा नाही. झाकणवालीने ते अंगात मुरवलं. दहाही बोटं शाबूत असलेल्या मोजक्या बायकांत ती होती.

गाण्यांचा नाद तिला पन्नाशीला टेकल्यावर लागला. खालच्या मजल्यावर रेडिओ दुरुस्त करणारे काका राहत. त्यांच्याकडे एक जुना मिक्सर होता. स्वयंपाकघरातला नव्हे, डीजेचा. एक गाणं संपत आलं की दुसरं त्याच्या ठेक्याला जुळवून आत आणायचं, पहिलं हळूच बाहेर काढायचं. नाचणाऱ्याला सांधा कळता कामा नये. झाकणवालीचा ठेका मुळातच पक्का. दीड वर्ष ती रोज संध्याकाळी तासभर शिकली. काका कौतुक करत नसत. चुकलं नाही तर गप्प बसत, एवढंच.

मग कारखान्याच्या वर्धापनदिनाला, शनिवारी दुपारी, सभागृहात तीन तास गाणी लावशील का, असं युनियनवाल्यांनी विचारलं. चारशे माणसं येणार होती. ती हो म्हणाली, आणि त्याच आठवड्यात काकांचा मिक्सर जळाला.

कार्यक्रमाला सहा दिवस उरले असताना, रविवारी ती दुकानात गेली. दुकानदाराने दोन यंत्रं पुढे ठेवली. लहान होतं त्यात दोन गाण्यांची सोय आणि मधोमध एक आडवी पट्टी. पट्टी डावीकडे सरकवली की एक गाणं, उजवीकडे सरकवली की दुसरं. मोठ्यात चार गाण्यांची सोय, प्रत्येकाला वेगळी उभी पट्टी, आणि बटणं इतकी की नजर ठरेना. किती दिवस वाजवता, असं त्याने विचारलं. तिने दीड वर्ष सांगितलं. मग लहान कशाला नेता, सहा महिन्यांत अपुरा पडेल, तो म्हणाला. ते तिला पटलं. कारखान्यात हात बसला की मोठी प्रेस मिळते, आणि लहान प्रेसवर राहिलेल्या बाईकडे सगळे कीव केल्यासारखे बघतात. तिने थोडी रक्कम भरून मोठा उचलला. आठ दिवसांत बदलून मिळेल, बाकीचे पगाराला द्या, असं ठरलं.

घरी येऊन वाजवायला बसल्यावर तिला अडचण कळली. या मिक्सरला काकांच्या मिक्सरसारखी आडवी पट्टीच नव्हती. एका हाताने एक उभी पट्टी वर न्यायची आणि त्याच वेळी दुसऱ्याने दुसरी खाली आणायची. हात ऐकेनात. दोन्ही वर जात, मग दोन गाणी एकमेकांशी भांडत. नाहीतर दोन्ही खाली येत, आणि शांतता पडे.

त्या शांततेने तिला घाम फुटे. प्रेसखात्यात अशी शांतता एकाच कारणाने पडते. सगळे माना वर करतात आणि कोणाचा हात ते शोधतात. सभागृहात चारशे माणसं अशीच माना वर करतील, आणि या वेळी तो हात आपला असेल, हे तिच्या डोळ्यांपुढून हलेना.

कामगार माणूस अशा वेळी एकच करतो, जास्त राबतो. सोमवार, मंगळवार, बुधवार, पाळी संपल्यावर ती तीन-तीन तास बसली. यंत्र बंद ठेवून, तोंडाने आकडे मोजत, डावा वर, उजवा खाली. बुधवारी हात सुटे व्हायला लागले. नवरा म्हणाला, आता तुझे हात एकमेकांना ओळखत नाहीत. ती हसली.

गुरुवारी सकाळी साडेदहाला तिने पत्रा आत ठेवला, हात बाहेर काढले, पाय निघाला. समोर तिला एकच हात दिसला. डावा साच्यातच होता. पाय अर्ध्यावर आलेला होता. तो कसा थांबला हे तिला आजही सांगता येत नाही. चक्कर आली असं मुकादमाला सांगून ती खाली बसली. बोटं उघडमीट करत राहिली, तरी ती आपली वाटेनात.

संध्याकाळी तिने काकांना वर बोलावलं. काकांनी वाजवायला सांगितलं. ते गाणं ऐकत नव्हते, हात बघत होते.

"आज काय झालं?"

तिने सांगितलं. काकांनी मिक्सर बंद केला.

"घेण्याआधी मला का नाही विचारलंस?"

"तुम्ही लहान घे म्हणाला असता."

"म्हणालोच असतो. माझ्या मिक्सरवर तू एका हाताने वाजवायचीस. आडवी पट्टी एकाच ढकलीत एक गाणं काढते, दुसरं घालते. तुला येतं ते तेवढं."

"शिकेन ना काका."

"शिकशील. वर्ष लागेल. आणि वर्षभर रोज सहाला त्या प्रेसवर कोण बसणार, मी?"

"दुकानदार हसेल."

"हसू दे. बोटं त्याची नाहीत."

शुक्रवारी ती खोका घेऊन दुकानात गेली. लोक लहान परत करून मोठा नेतात, उलटं करणाऱ्या तुम्ही पहिल्याच, असं दुकानदार बाकीच्या गिऱ्हाइकांना ऐकू जाईल असं म्हणाला. तिने तीन लहान मिक्सर मांडायला लावले आणि डोळे मिटून एकेकाची पट्टी उजव्या हाताने सरकवून पाहिली. पहिली इतकी हलकी की धक्क्यानेही सरकली असती. दुसरी मध्ये अडत होती. तिसरी घट्ट आणि सरळ, आणि पुढचं गाणं आधी कानात ऐकायचं हेडफोनचं बटण न बघता सापडेल एवढं मोठं.

"बाई, तो नवशिक्यांचा आहे."

"मी नवशिकीच आहे," ती म्हणाली. एवढे तीन शब्द बोलायला तिला अख्ख्या पाळीएवढे कष्ट पडले.

शनिवारी तिने सभागृहात लहान मिक्सर मांडला. तीन तास ती डाव्या हातावर बसून राहिली. एकदा एक गाणं अंदाजापेक्षा आधीच सरलं. खांद्यापासून दोन्ही हात उसळले, डावा तिने मांडीखाली दाबून धरला, उजव्याने पट्टी ढकलली. नाचणाऱ्यांतल्या एकानेही मान वर केली नाही. भीती मात्र गेली नाही. सोमवारी सहाला तिने पहिला पत्रा ठेवला तेव्हा पाय दाबण्याआधी दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून पाहिले. त्या दिवशी तिची झाकणं निम्मीच झाली. मुकादम ओरडला, तिने ओरडू दिलं. हात पुन्हा जोडीने चालायला दहा दिवस गेले.

पगार झाला तेव्हा वर्षभराच्या जादा पाळ्यांच्या पैशांतून तिने मिक्सरचे उरलेले पैसे भरले. रोज वाजवलं तर पट्टी दोन वर्षांत झिजते, असं काकांनी सांगितलं होतं. शिल्लक राहिलेल्यात तिने त्याच मिक्सरची एक जादा पट्टी घेतली.