ट्रॉम्बोनवाल्याची कवळी

जलालचाचांच्या पुढच्या दोन दातांमधली फट सुशांतने बुजवली ती निव्वळ दयेपोटी. कवळ्या करणाऱ्याने दया करू नये, हे त्याला फलटणच्या शाळेत कुणी शिकवलं नव्हतं आणि डेंटल टेक्निशियनच्या कोर्सलाही नाही.

जेद्द्यातल्या एका दवाखान्याच्या मागच्या खोलीत तो कवळ्या करायचा. चाचांचे हलणारे दात काढण्याआधी डॉक्टर पूर्णिमांनी तोंडाचा साचा घेतला होता आणि निरोप दिला होता, की नवे दात हुबेहूब जुन्यांसारखे लाव, पेशंट वाजवणारे आहेत. काय वाजवणारे, हे सुशांतने विचारलं नाही. तबला असेल. साच्यात दिसत होतं की पुढचे दात जरा बाहेर आहेत आणि मधे काडी जाईल एवढी फट आहे. बिचारा म्हातारा आयुष्यभर हे तोंड घेऊन हिंडला, असं वाटून त्याने दात आत घेतले, फट मिटवली आणि टूथपेस्टच्या जाहिरातीत खपावी अशी कवळी केली.

पक्की करण्याआधी दात मेणात बसवून तोंडात घालतात, पेशंटला आरसा देतात आणि चार शब्द बोलायला लावतात. चाचा ‘फणस’ म्हणाले, ‘वांगं’ म्हणाले, आरशात बघून लाजले. मुलगा उमैर खूश झाला. सून अफशाँने फोटो काढून श्रीवर्धनला पाठवला. तिकडून उत्तर आलं की आता अब्बांसाठी मुलगी बघायला हरकत नाही. फुंकून बघा असं कुणी म्हणालं नाही. चाचांना स्वतःलाही सुचलं नाही. आरसा माणसाला गुंगवतोच.

चाचा ट्रॉम्बोन वाजवायचे. तरुणपणी ते श्रीवर्धनहून मुंबईच्या गोदीत कामाला लागले. गोदीच्या बँडमध्ये सगळ्यांनी आपापली वाद्यं उचलल्यावर जे उरलं ते त्यांच्या वाट्याला आलं: पुढेमागे सरकवायची लांबलचक पितळी नळी. एका गोवेकर बँडमास्तरने ते ऐकलं आणि त्यांना हॉटेलात जॅझ वाजवायला नेलं. बाकीचे मधल्या सुट्टीत पेग मारत, चाचा सोडा पीत आणि नमाजाची वेळ विचारत. मग रेकॉर्डिंग सुरू झालं. सगळ्या बँडला मिळून एक माइक. ट्रॉम्बोनचा आवाज दांडगा, म्हणून चाचांना पार दाराशी उभं करत; त्यांची पाळी आली की चार ढांगा पुढे यायचं, वाजवायचं आणि पाय न वाजवता परत दाराशी. रेकॉर्डवर नाव बँडमास्तरचं, खाली ‘आणि त्यांचा बँड’. “त्या ‘आणि’मध्ये मी,” असं चाचा सांगत. घरी एकही रेकॉर्ड नव्हती. ती वाजवायचं यंत्र घ्यायचं तर घर विकावं लागलं असतं.

यंदा ते व्हिजिट व्हिसावर मुलाकडे आले. उमैरच्या स्पेअर पार्टच्या दुकानात नवाफ नावाचा सौदी तरुण यायचा. त्याच्या आजोबांनी मुंबईहून आणलेल्या रेकॉर्डींपैकी एक त्याने मोबाइलवर उतरवून घेतली होती; ती लावली आणि उमैर सहज म्हणाला, की हा मधला ट्रॉम्बोन आमच्या अब्बांचा. नवाफ खुर्चीतून उठलाच. त्याचा छोटा स्टुडिओ होता. चाचांनी तीच चाल पुन्हा वाजवावी, या वेळी नाव त्यांचं छापू, असं त्याने ठरवून टाकलं. कुणा पाहुण्याच्या सामानातून गावचा ट्रॉम्बोन आला. दात तेवढे हलत होते, म्हणून कवळी.

ट्रॉम्बोन ओठाला लावल्यावर नव्या दातांआडून फस्स करून वारा निघाला आणि कवळी उडाली. सुशांतने फट कोरून दिली. आवाज आला तो अडकलेल्या बोकडाचा. मग त्याने जुना साचा समोर ठेवून दुसरी कवळी केली, अगदी तंतोतंत. पण दात काढल्यावर हिरड्या आकसतात, आणि तोवर त्या बसत चालल्या होत्या. पहिल्यापासून ही असती तर ओठांना सवय तरी झाली असती, असं पूर्णिमा शांतपणे म्हणाल्या. त्या ओरडल्या असत्या तर बरं वाटलं असतं. व्हिसा संपत आला होता आणि तो काही हिरड्यांसाठी थांबणार नव्हता.

स्टुडिओत सुशांतही गेला. चाचांसमोर त्यांचा एकट्याचा माइक होता, तरी ते सवयीने दाराशी जाऊन उभे राहिले आणि पाळी आल्यावर चार ढांगा पुढे आले. पहिले दोन सूर असे लागले की नवाफने डोळे मिटले. तिसऱ्याला कवळी सरकली. पुन्हा केलं, पुन्हा सरकली. शेवटी चाचांनी कवळी काढून रुमालात ठेवली आणि नुसत्या हिरड्यांवर फुंकून पाहिलं. त्याचं वर्णन न केलेलं बरं.

नवाफने यंत्र बंद केलं, गहवा, म्हणजे तिकडची बिनदुधाची कॉफी, ओतला, खजूर पुढे केले आणि उमैरला अरबीत काहीतरी म्हणाला. गाडीत चाचांनी खोदून विचारलं, तेव्हा उमैरने सांगितलं, की वय झालं की दम संपतो, आमच्या आजोबांचंही तसंच झालं, असं नवाफ म्हणाला.

चाचा मागे वळून सुशांतला म्हणाले, “दम आहे रे माझ्यात. दात नाहीत. एवढं त्याला सांगशील?”

उमैर म्हणाला, मी सांगतो.

“तू मुलगा आहेस, तू बापाचीच बाजू घेणार. ज्याने दात केले त्याने सांगू दे.”

“सांगतो चाचा,” सुशांत म्हणाला. “गुरुवारी जातोच.”

चाचा श्रीवर्धनला गेले. नवाफने ती जुनी रेकॉर्ड इंटरनेटवर चढवली आणि शब्दाला जागून नाव घातलं: ट्रॉम्बोन, जलाल, श्रीवर्धन. खाली एक ओळ, की या कलावंतांना आता वाजवण्याची ताकद उरलेली नाही. उमैरने ती फोनवर चाचांना वाचून दाखवली, पहिली ओळ दोनदा आणि दुसरी चाचांनी विचारल्यावर.

सुशांतचं अरबी ‘तोंड उघडा’ आणि ‘दुखतं का’ यांच्या पलीकडे जात नाही, हे त्याचं न जाण्याचं कारण. नवाफला इंग्रजी उत्तम येतं, हे तो स्वतःला सांगत नाही. दर गुरुवारी त्याची गाडी स्टुडिओच्या गल्लीच्या तोंडाशी हळू होते, मागचा गाडीवाला हॉर्न मारतो आणि ती पुढे जाते. चाचांचा फोन आला की आधी हवापाण्याचं होतं, मग ते विचारतात, “गेला होतास?”

“या गुरुवारी, चाचा.”